हेर्पेनच्या शेळ्या आणि हृदयाच्या झडपा

२००७ सालचा मे महिना संपत आला होता. नेदरलँड्सच्या दक्षिणेस नोर्ड-ब्राबांट नावाचा प्रांत आहे आणि त्या प्रांतात हेर्पेन नावाचे एक छोटेसे खेडे. तेथील डॉक्टरांच्या ध्यानात आले, की नेहमीपेक्षा कितीतरी अधिक माणसे तीव्र ताप, असह्य डोकेदुखी आणि न्यूमोनिया घेऊन दवाखान्यात येत आहेत. ही माणसे म्हातारी वा दुबळी नव्हती. चांगली हिंडतीफिरती, कामधंद्यातली होती. नेहमीचे प्रतिजैविक त्यांना लागू पडत नव्हते. डॉक्टरांनी त्या भागाच्या आरोग्य खात्याला कळवले. आरंभी संशय दुसऱ्याच एका जंतूवर गेला. काही आठवड्यांनी रक्ताच्या तपासणीतून खरे नाव बाहेर आले: क्यू फिव्हर. एरव्ही साऱ्या देशात वर्षाकाठी जेमतेम दहावीस रुग्ण आढळावेत, असा हा आजार. त्या एका वर्षात १६८ रुग्णांची नोंद झाली, पुढच्या वर्षी एक हजारांची आणि २००९ मध्ये तेवीसशेहून अधिक जणांची.

यातील बहुतेक माणसे औषधाने, काही तर औषधावाचूनही बरी झाली. साथ ओसरली, वर्तमानपत्रांतील मथळे बदलले. परंतु ज्यांच्या हृदयाची झडप पूर्वीपासून सदोष होती, ज्यांना कृत्रिम झडप बसवलेली होती किंवा ज्यांची महारोहिणी फुगलेली होती, अशा काहींच्या शरीरातून हा जंतू गेलाच नाही. तो झडपेत शांतपणे राहिला. महिन्यांनी, कित्येकदा वर्षांनी, त्याने आपले अस्तित्व दाखवले. त्या साथीत दगावलेल्यांची संख्या नव्वदहून अधिक भरली. त्यांतील बहुतेक मृत्यू न्यूमोनियाचे नव्हते. मागे राहिलेल्या या जुनाट संसर्गाचे होते.

पडदा आणि त्याचे दुबळेपण

हृदयाच्या चार झडपा दिवसातून सुमारे एक लाख वेळा उघडतात आणि मिटतात. एवढे काम करणारा हा पडदा अत्यंत पातळ असतो आणि त्याला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. रक्ताच्या प्रवाहातच तो अहोरात्र न्हात असतो. पण त्याच्या आतल्या भागात रक्त खेळत नाही. ही विसंगती फार महाग पडते. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या वाटेने जातात. जेथे वाटच नाही तेथे पहारेकरी पोहोचणार कसे?

झडपेचा पृष्ठभाग गुळगुळीत असेपर्यंत जंतूंना तेथे सहसा थारा मिळत नाही. बालपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने झडप आखडली असेल, वयोमानाने तिच्यावर चुन्याचा थर चढला असेल, जन्मतःच तिच्यात दोष असेल किंवा ती कृत्रिम असेल, तर त्या खडबडीत जागेवर रक्तातील चिकट कणांचा आणि तंतूंचा पातळ थर साचतो. रक्तातून भटकत जाणारा एखादा जंतू त्या थराला चिकटतो, त्यावर आणखी थर चढतो, आणि जंतूंची एक सुरक्षित वसाहत तयार होते. तिचे तुकडे सुटून मेंदूत गेले तर पक्षाघात. पडदा कुरतडला गेला तर हृदय अकस्मात थकते. विल्यम ऑस्लर या विख्यात डॉक्टरांनी १८८५ साली लंडनच्या रॉयल कॉलेजपुढे या रोगावर व्याख्याने दिली, तेव्हा त्यावर कोणताही इलाज नव्हता. पेनिसिलिन येईपर्यंत हे निदान म्हणजे जवळजवळ मृत्युपत्रच होते.

आज बहुतेक रुग्णांत जंतू ओळखीचे असतात. दात व हिरड्यांतून रक्तात शिरणारे स्ट्रेप्टोकॉकस, त्वचेवरून शिरणारे स्टॅफिलोकॉकस. रुग्णाचे रक्त पोषक द्रव्याच्या कुपीत घालून ठेवले, की एकदोन दिवसांत, फार तर पाच दिवसांत ते वाढतात. मग कोणते औषध लागू पडेल हे कळते, आणि चार ते सहा आठवडे शिरेतून औषध देऊन रोग आटोक्यात आणता येतो. यालाच रक्ताचे कल्चर म्हणतात. खरी अडचण येते ती कल्चरच्या कुपीत काहीच उगवत नाही तेव्हा. झडप तर सडते आहे, ताप तर येतो आहे आणि कुपी मात्र स्वच्छ. शंभरातील पाचदहा रुग्णांपासून काही देशांत तीस रुग्णांपर्यंत ही स्थिती आढळते. हेर्पेनच्या परिसरातील झडपांत शिरलेला जंतू याच जातीचा होता.

नावातच प्रश्न

या जंतूची पहिली ओळख १९३५ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे झाली. तेथील कत्तलखान्यात काम करणाऱ्या मजुरांना एक अनाकलनीय ताप येऊ लागला. एडवर्ड डेरिक या डॉक्टरांकडे तपासाचे काम आले. ज्ञात असलेला कोणताही रोग जुळेना. या रोगाला ‘कत्तलखान्याचा ताप’ म्हणावे, तर मांसाच्या धंद्यातील मंडळी नाराज होणार. क्वीन्सलंड प्रांताचे नाव जोडावे, तर प्रांताची बदनामी. अखेर डेरिक यांनी १९३७ साली ‘क्वेरी’, म्हणजे प्रश्न, या शब्दाचे केवळ आद्याक्षर घेतले आणि रोगाचे नाव ठेवले क्यू फिव्हर. धंद्याची अब्रू सांभाळण्यासाठी रोगाचे नाव झाकून ठेवण्याची ही रीत पुढे सत्तर वर्षांनी नेदरलँड्समध्ये फार मोठी किंमत वसूल करणार होती.

डेरिक यांनी रुग्णांचे नमुने मेलबर्नला मॅकफार्लेन बर्नेट यांच्याकडे पाठवले. त्याच सुमारास अमेरिकेतील मोंटाना राज्यात हेराल्ड कॉक्स हे गोचिडांमधील एका अज्ञात जंतूचा शोध घेत होते. पृथ्वीच्या दोन टोकांना सापडलेले हे दोन्ही जंतू एकच असल्याचे लवकरच सिद्ध झाले, आणि दोघांच्या स्मरणार्थ त्याचे नाव कॉक्सिएला बर्नेटी असे ठेवण्यात आले. बर्नेट यांना पुढे १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते अन्य संशोधनासाठी.

हा जंतू मुख्यतः शेळ्या, मेंढ्या आणि गाई यांच्यात राहतो. जनावर वरून निरोगी दिसते. ते गाभडते किंवा विते तेव्हा मात्र वारेतून आणि गर्भजलातून तो प्रचंड संख्येने बाहेर पडतो. वारेच्या एका ग्रॅममध्ये त्याची संख्या अब्जापर्यंत जाऊ शकते. बाहेर पडल्यावर तो बीजासारखे कठीण रूप धारण करतो. ऊन, कोरडी हवा, नेहमीची जंतुनाशके यांना तो सहज दाद देत नाही. लेंडीखत वाळते, धूळ उडते आणि वाऱ्याबरोबर तो काही किलोमीटर दूर जातो. श्वासातून अगदी थोडे जंतू गेले तरी माणसाला बाधा होऊ शकते. मग ज्याने आयुष्यात शेळीला हात लावलेला नाही, तोही आजारी पडतो.

दुधाच्या इतिहासातही या जंतूने एक खूण सोडली आहे. अर्धा तास दूध तापवून ते निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत अमेरिकेत ६१.७ अंश सेल्सिअस तापमान पुरेसे मानले जाई. क्षयाचे जंतू त्यात मरत, पण कॉक्सिएला तग धरून राही. म्हणून १९५६ मध्ये ते तापमान ६२.८ अंशांवर नेण्यात आले. अवघ्या एक-सव्वा अंशाचा हा फरक. आपल्याकडे दूध उतू जाईपर्यंत तापवण्याची जी घरगुती चाल आहे, तिच्यापुढे हा जंतू टिकत नाही. कच्च्या दुधाला ‘नैसर्गिक’ म्हणून मोठेपण देण्याची नवी टूम शहरांतून दिसू लागली आहे. तिच्या पुरस्कर्त्यांनी ही हकिकत अवश्य वाचावी.

शेळ्यांचा धंदा

नेदरलँड्समध्ये १९८३ साली दुधाच्या शेळ्या साताठ हजारच होत्या. १९८४ मध्ये युरोपात गाईच्या दुधाच्या उत्पादनावर मर्यादा आली आणि शेतकरी शेळीपालनाकडे वळले. १९९७ मध्ये डुकरांत रोगाची मोठी साथ आल्यानंतर आणखी कित्येकांनी हा धंदा धरला. शेळीच्या दुधाच्या चीजला चांगला भाव होता. २००९ पर्यंत शेळ्यांची संख्या साडेतीन लाखांवर गेली. एकेका गोठ्यात शेकडो, कोठे हजारो शेळ्या. आणि प्रांत दाट वस्तीचा, गोठ्यापासून घरे हाकेच्या अंतरावर.

२००५ साली काही गोठ्यांत गाभण शेळ्या एकामागून एक गाभडू लागल्या. कारण सापडले: क्यू फिव्हर. पशुवैद्यांना ते कळले होते. माणसांच्या डॉक्टरांपर्यंत त्याचा अर्थ पोहोचण्यास दोन वर्षे लागली. शेळ्यांतील हा रोग सरकारला कळवणे बंधनकारक झाले ते २००८ च्या जूनमध्ये, म्हणजे हेर्पेनमध्ये माणसे आजारी पडल्यानंतर एक वर्षाने. त्यानंतरही बाधित गोठ्यांचे पत्ते जाहीर झाले नाहीत. शेतकऱ्याची खासगी बाब, धंद्याचे नुकसान, अशी कारणे पुढे केली गेली. कोणत्या गोठ्याच्या वाऱ्याच्या दिशेला आपला रुग्ण राहतो, हे त्या भागातील डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. पत्ते प्रसिद्ध झाले तेव्हा २००९ चा डिसेंबर उजाडला होता.

व्यापारी घराला हा पेच परका नाही. वखारीतील एका पोत्याला कीड लागली, तर ते मुकाट्याने बाजूला काढावे की गिऱ्हाइकांना सांगावे, हा प्रश्न कधी ना कधी प्रत्येक पेढीवर उभा राहतो. ब्राबांटच्या शेतकऱ्यांना सरसकट खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांची स्वतःची कुटुंबे त्याच हवेत श्वास घेत होती, आणि त्यांच्या डोक्यावर कर्ज होते. पत्ते झाकून ठेवण्याचा निर्णय त्यांच्या एकट्याचा नव्हता. शेती खाते आणि आरोग्य खाते यांच्यातील ओढाताणीतून तो झाला होता. सरकारनेच नेमलेल्या मूल्यमापन समितीने २०१० च्या अखेरीस शासनावर ठपका ठेवला, की पावले फार उशिरा उचलली गेली.

त्या उशिराची किंमत मुक्या प्राण्यांनीही मोजली. फ्रान्समध्ये तयार होणारी शेळ्यांसाठीची लस उपलब्ध होती. २००८ मध्ये ती ऐच्छिक म्हणून, २००९ मध्ये बाधित भागात सक्तीने देण्यास आरंभ झाला. पण पुरवठा अपुरा होता, आणि एकदा बाधा झालेल्या गाभण शेळीला लस उपयोगी पडत नाही. पुढचा विण्याचा हंगाम तोंडावर आला होता. २००९ च्या डिसेंबरमध्ये सरकारने निर्णय घेतला, की बाधित गोठ्यांतील सर्व गाभण शेळ्या मारायच्या. कोणती शेळी जंतू बाहेर टाकणार आणि कोणती नाही, हे खात्रीने ओळखणारी चाचणी हाती नव्हती. म्हणून निरोगी आणि बाधित असा भेद केला गेला नाही. पन्नास हजारांहून अधिक गाभण शेळ्या मारल्या गेल्या. उरलेल्या शेळ्यांवर आयुष्यभर गाभण न राहू देण्याचे बंधन आले.

२०१० मध्ये रुग्णांची संख्या झपाट्याने उतरली. ती कत्तलीमुळे उतरली की लसीमुळे, याची वाटणी कोणालाही नेमकेपणे करता येणार नाही, कारण दोन्ही उपाय एकाच वेळी झाले. एक गोष्ट मात्र त्या समितीच्या अहवालाच्या प्रकाशात स्पष्ट दिसते: गोठ्यांतील बातमी वेळेवर बाहेर आली असती आणि लस दोन हंगाम आधी पोहोचली असती, तर या निर्णयाची वेळ येण्याचा संभव पुष्कळ कमी होता. अहिंसेचा विचार करणाऱ्या वाचकाला त्या पन्नास हजारांची नोंद रोग्यांच्या नोंदीइतकीच बोचेल.

पहारेकऱ्याच्या पोटातला चोर

रुग्णांच्या झडपांत हा जंतू इतका काळ लपून कसा राहतो, याचे उत्तर विलक्षण आहे. शरीरात घुसलेल्या जंतूला गिळून टाकणाऱ्या पेशी असतात. गिळलेला जंतू त्यांच्या आत एका पिशवीत जातो. तेथे आम्ल सोडले जाते आणि जंतू विरघळतो. कॉक्सिएला त्याच आम्लाच्या पिशवीत सुखाने राहतो, वाढतो. किंबहुना आम्ल नसेल तर त्याचा कारभार चालत नाही. पहारेकऱ्याने चोराला गिळावे आणि चोराने त्याच्या पोटातच बिऱ्हाड करावे, असा हा प्रकार. जिवंत पेशीबाहेर तो सहज वाढत नाही, म्हणून रुग्णालयातील कल्चरच्या कुपीत तो उगवत नाही. झडपेवर जी गाठ सोनोग्राफीत दिसावी, तीही या रोगात फार लहान असते किंवा दिसतच नाही. रुग्णाला भरभरून ताप येतोच असे नाही. वजन घटते, रात्री घाम येतो, धाप लागते, अन्नावरची वासना उडते. कोणी त्याला क्षय समजतो, कोणी वार्धक्य.

निदान होते ते रक्तातील प्रतिपिंडे मोजून, आणि कधी शस्त्रक्रियेत काढलेल्या झडपेच्या तुकड्यातून जंतूचा जनुकीय ठसा शोधून. त्यासाठी मुळात संशय यावा लागतो. संशय येण्यासाठी डॉक्टरांनी विचारावे लागते, की आपण राहता कोठे, जवळ गोठा आहे का, कोणाच्या शेतावर गेला होता का. यंत्रे कितीही आली तरी या प्रश्नांची जागा त्यांनी घेतलेली नाही.

उपचाराची युक्तीही त्या आम्लाभोवतीच फिरते. डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध या जंतूवर चालते. पण आम्लाच्या पिशवीत त्याचा जोर कमी पडतो. म्हणून त्याच्या जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देतात. मलेरियासाठी आणि सांध्यांच्या विकारासाठी ज्ञात असलेले हे औषध त्या पिशवीतील आम्लता कमी करते. जंतूचा आसरा मोडतो आणि पहिल्या औषधाला तो सापडतो. पण हे काम सावकाश होते. किमान अठरा महिने, आणि कृत्रिम झडप असेल तर दोन वर्षे, दोन्ही औषधे रोज घ्यावी लागतात. पहिल्याने त्वचा उन्हाला हळवी होते, दुसऱ्यासाठी डोळ्यांचा पडदा ठरावीक काळाने तपासावा लागतो. उन्हासाठी वर्षभर आसुसलेल्या देशातील माणसांना दोनदोन उन्हाळे सावलीत काढावे लागले. आणि ज्यांच्या झडपा अगदी शाबूत होत्या, जंतूही निघून गेला होता, त्यांतीलही कित्येकांना वर्षानुवर्षे न हटणाऱ्या थकव्याने कामावरून काढता पाय घ्यायला लावला.

कल्चरच्या कुपीला चकवणारा कॉक्सिएला एकटा नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतील लक्षावधी सैनिकांना उवांमुळे येणाऱ्या तापाने ग्रासले होते. त्या तापाचा जंतू बार्टोनेला १९९० च्या दशकात अमेरिकेतील सिएटल आणि फ्रान्समधील शहरांत पुन्हा दिसला, तो रस्त्यावर झोपणाऱ्या निराधारांच्या रक्तात आणि झडपांत. याच कुळातील दुसरी जात मांजरांत आढळते. उलट, काही जंतू कुपीत सहज वाढतात, पण त्यांचा अर्थ निराळा असतो. पूर्वी ‘बोव्हिस’ म्हणून ओळखला जाणारा स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस झडपेवर सापडला, तर जाणता डॉक्टर हृदयाबरोबर मोठ्या आतड्याचीही दुर्बिणीने तपासणी करायला सांगतो, कारण त्याचा आतड्यातील गाठी व कर्करोग यांच्याशी घनिष्ठ संबंध आहे. झडपेच्या आजाराने रुग्णालयात आलेल्या माणसाचा कर्करोग असा वेळेवर सापडून जीव वाचल्याची उदाहरणे वैद्यकात आहेत.

गोठा, पांजरापोळ आणि औषधाचे दुकान

नेदरलँड्सची ही हकिकत दूरची वाटली तरी तिचे धागे इकडेही येतात. कॉक्सिएला भारतातील जनावरांतही आढळला आहे. त्याहून अधिक परिचयाचा आहे तो ब्रुसेला. १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांच्या तापाचा हा जंतू शोधला. तो येतो कोठून हे कळण्यास आणखी अठरा वर्षे गेली. १९०५ साली तेथीलच थेमिस्टोक्लिस झॅमिट यांनी धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात आणि दुधात त्याचा माग काढला. सैनिकांचे कच्चे दूध बंद होताच ताप ओसरला. ब्रुसेला झडपेत क्वचितच शिरतो. पण या रोगाने होणाऱ्या मृत्यूंत मोठा वाटा त्या थोड्या रुग्णांचाच असतो. आपल्याकडे गाई-म्हशी सहाव्यासातव्या महिन्यात गाभडतात, त्यामागे पुष्कळदा हाच जंतू असतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये मथुरेहून जो पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, त्यात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना याची लस देण्याची योजना आहे.

मुंबईच्या भुलेश्वर भागातील पांजरापोळ १८३४ पासून उभे आहे, आणि गावोगावच्या गोशाळांना जैन घरांतून पिढ्यान्‌पिढ्या मदत जाते. तेथे येणारी जनावरे बहुधा टाकलेली, आजारी, कोणत्या कळपातून आली याचा पत्ता नसलेली. त्यांची सेवा करणाऱ्या माणसाचा जीवही तितकाच मोलाचा आहे. विणाऱ्या वा गाभडलेल्या जनावराजवळ जाताना हातमोजे आणि नाकातोंडाला पट्टी, वार उघड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरणे, कालवडींची लस चुकू न देणे, एवढ्या व्यवस्थेला लागणारा खर्च एका महिन्याच्या चाऱ्याच्या मानाने किरकोळ आहे. दानशूर मंडळींनी शेडवर नावाची पाटी लावताना ही चौकशीही करावी. झडपेचा दोष असलेल्या माणसांनी आणि गर्भवती स्त्रियांनी विण्याच्या वेळी गोठ्यात थांबू नये. सेवेचे इतर शंभर मार्ग त्यांना मोकळे आहेत.

झडपेचा दोष असलेली माणसे आपल्या देशात थोडीथोडकी नाहीत. ऱ्हुमॅटिक ताप येथून अजून हटलेला नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने विकसित केलेली स्वदेशी कृत्रिम झडप १९९० च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली, आणि तिच्यामुळे पुढे साधारण ऐपतीच्या कितीतरी कुटुंबांना ही शस्त्रक्रिया आवाक्यात आली. अशा माणसाला आठवडाभर बारीक ताप आला, तर घरात पहिली गोष्ट काय होते? दुकानातून फोन जातो, ओळखीच्या केमिस्टकडून प्रतिजैविकाच्या तीन गोळ्या येतात. ताप दोन दिवस उतरतो, पुन्हा येतो. मग दुसरी गोळी. महिन्याभराने हृदयरोगतज्ज्ञाकडे गेल्यावर रक्ताचे कल्चर होते आणि कुपी स्वच्छ येते. जंतू अगदी ओळखीचा, सहज मरणारा असू शकतो. पण त्या अर्ध्यामुर्ध्या गोळ्यांनी तो मेला नाही, नुसता दबला. आता तो कॉक्सिएलाइतकाच अनोळखी झाला. कल्चर कोरे येण्यामागे भारतात हे कारण फार मोठे आहे. कॉक्सिएला हा निसर्गाचा चकवा. हा चकवा मात्र माणूस स्वतःच्या हाताने तयार करतो.

झडपेचा दोष ठाऊक असलेल्याने ताप तीन-चार दिवसांहून अधिक टिकला, तर प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी रक्त द्यावे. वेगवेगळ्या जागांवरून, थोड्या थोड्या अंतराने, तीनदा. घरात उपवासांचा काळ असेल तर घटलेले वजन आणि थकवा उपवासाच्या खात्यावर टाकून स्वस्थ बसू नये. उपवासाने ताप येत नाही. औषधविक्रीचा व्यवसाय असलेल्या घरांवर तर दुहेरी जबाबदारी आहे. काही प्रतिजैविकांच्या विक्रीसाठी २०१४ पासून डॉक्टरांची चिठ्ठी आणि वेगळी नोंदवही ठेवण्याचा नियम लागू आहे, आणि तो चोपडीतल्या इतर नोंदींइतकाच काटेकोर पाळला गेला पाहिजे. डॉक्टरांपुढे बसल्यावर घेतलेल्या गोळ्यांची नावे लपवू नयेत. रिकामी पाकिटे बरोबर न्यावीत. गोशाळेतील सेवा, फार्महाऊसवरची शेळी, पाळलेले मांजर, गावाकडून आलेले निरसे दूध, हे सारे विचारले नाही तरी सांगावे.

नेदरलँड्समधील रुग्णांचा लढा पुढे बराच काळ चालला. तेथील राष्ट्रीय लोकपालांनी २०१२ च्या आपल्या अहवालात सरकारने या माणसांची क्षमा मागावी, असे सुचवले. रुग्णांनी नुकसानभरपाईसाठी दावा लावला. २०१७ मध्ये हेगच्या न्यायालयाने सरकारला जबाबदार धरण्यास नकार दिला. पुढल्या वर्षी सरकारने आपणहून प्रत्येक पात्र रुग्णाला पंधरा हजार युरो देण्याचे ठरवले. रक्कम घेणाऱ्यांत असे कित्येक होते, ज्यांनी कधी शेळी पाळली नव्हती, त्या चीजचा तुकडाही चाखला नव्हता.

हेर्पेनमध्ये मात्र आणखी एक काम झाले. २०१४ साली, साथीनंतर सात वर्षांनी, गावातील सर्व प्रौढांना रक्त तपासून घेण्याचे आवाहन करण्यात आले. दीड हजारांवर माणसे पुढे आली. त्यांतील एक तृतीयांश लोकांच्या रक्तात जुन्या संसर्गाची खूण सापडली. त्यांपैकी बहुतेकांना पुढे काही त्रास होणार नव्हता. मोजक्या काहींच्या रक्तातील आकडे मात्र निराळे होते. जंतू अजून आत होता. त्यांतील बऱ्याच जणांना याची कल्पनाही नव्हती. ती माणसे रोजच्यासारखी कामावर जात होती.